घारीने दाखवलेला डोह

फार जुन्या काळी एका रानात पाणी हवं असलं की घारीला विचारायची रीत होती. ती उंचावरून पाहायची आणि खरं सांगायची. एका कडक उन्हाळ्यात तहानलेली भेकरी पाडसाला घेऊन तिच्याकडे आली.

"वडाखालच्या डोहावर जा. हल्ली सगळे तिथेच जातात," घार म्हणाली.

पाडसाने पाण्याला तोंड लावलं आणि समोरचं लाकूड वारा नसताना पुढे सरकलं. भेकरीने त्याला मागे ओढलं, तोच मगरीचा जबडा मिटला. वर वडावर घारीची पिल्लं मगरीने टाकलेलं मांस खात होती. घार सगळ्यांना इथे का पाठवते, ते भेकरीला कळलं आणि ती पाडसाला घेऊन तिथून पळाली.

वाटेत त्यांना साळिंदर भेटलं. "सगळ्या रानाचं मला ठाऊक नाही," ते म्हणालं. "मी ज्या झऱ्यावर पितो, तो दाखवतो. आधी मी पिईन, मग तुम्ही."

पाडस पोटभर प्यायलं. इतक्यात चितळांचा कळप डोहाकडे निघालेला भेकरीला दिसला. ओरडलं तर घार चिडून रानातल्या बिबट्याला आपला पत्ता देईल, हे तिला कळत होतं. पाडसाला साळिंदराजवळ ठेवून ती वाटेत आडवी उभी राहिली आणि धोक्याचा इशारा देत भुंकू लागली.

कळप थबकला.