गुण्याचा मान

हत्यारं बोलायची आणि सुतारांना ती ऐकू यायची, तेव्हाची गोष्ट. सावळाराम सुतारानं विजेची नवी करवत आणली. काटकोन पाहायचा आज्याचा लोखंडी गुण्या लावून त्यानं ती बसवली. तरी तिनं कापलेल्या चौकटीचे कोपरे काही मिटेनात.

"ऐट एवढी, अन् चाल वाकडी!" रंधा हसला.

"गुण्याबाबांनी दाखवलं तसंच मी कापते," करवत म्हणाली. "मालक, त्यांच्या कडेनं एक रेघ मारा, मग त्यांना उलटं धरून ती जुळते का बघा."

"आज्याच्या गुण्याची परीक्षा घेऊ?" सावळाराम चिडला.

गुण्या गप्प राहिला. करवत यायच्या आदल्याच दिवशी फरशीवर पडून आपण केसभर वाकलो, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

करवत दुकानात परत गेली. सावळारामनं जुनी हातकरवत काढली, गुण्या लावून खूण केली आणि कापलं. कोपरा उघडाच राहिला. तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला.

"हातच गेला माझा," तो बायकोला म्हणाला. त्या दिवसापासून त्यानं काम सोडलं.

खंडेनवमीला त्यानं हत्यारं पुसून मांडली आणि पहिलं कुंकू गुण्याला लावलं. ओल्या कुंकवाखाली गुण्या तेव्हाही गप्पच होता.