मांडवावरची थोरली फांदी

थोरल्यांनी बोलायचं आणि धाकट्यांनी ऐकायचं, अशा जुन्या काळी सुंद्राक्काच्या परसात पॅशनफ्रूटचा वेल होता. त्याच्या थोरल्या फांदीनं अख्खा मांडव अडवलेला. फळ एक नाही, तोरा मात्र मांडवभर. खाली एक कोवळा कोंब उन्हावाचून पिवळा पडत चालला होता.

"आजी, जरा सरक ना. वाळून जाईन मी."

"आधी माझ्याएवढा जाड हो, बाळा. मी हा मांडव चढले तेव्हा..." झालं, प्रवचन सुरू. शेजारचा दोडका ऐकता ऐकता पेंगू लागला.

"यंदा फळं किती धरलीस?" कोंबानं विचारलं.

"फळांचं काय घेऊन बसलास? मला अनुभव आहे."

तेवढ्यात सुंद्राक्का कात्री घेऊन आली.

"अक्का, हा कोंब उलट बोलतो. आधी त्याला छाट," फांदी म्हणाली.

"बाई गं, या वेलाला नव्या फुटीवरच फळ धरतं," असं म्हणत अक्कानं थोरलीलाच छाटलं.

कोंब मांडवावर चढला, फळांनी लगडला. फांदीची पानं अक्कानं वाळवली आणि झोप न येणाऱ्या सासऱ्यांना त्यांचा काढा दिला. पेला रिकामा झाला आणि म्हातारबुवा घोरू लागले.

"आजी अजून बोलतेय वाटतं," कोंब दोडक्याला म्हणाला.