कापूस न भरलेली होडी

“ज्या घरातून देवाचं नाव यायला पाहिजे, त्या जोमाकडून करवतीचा आवाज येतोय. आणि तोही झापांच्या आडून!” विहिरीवर घागर बुडवता बुडवता चांगुणा शेजारणीच्या कानाशी पुटपुटली. शेजारणीने आधी मागे वळून बघितलं आणि मग आवाज आणखी खाली आणला. “आमचे हे म्हणतात, दुसऱ्याच्या जाळ्यांवर चोरीला जायचा बेत हाय. नायतर इतकी हलकी होडी कशाला लागते गं माणसाला?”

ही गोष्ट कांदळपाड्याची. खाडीच्या काठाला कोळ्यांची वस्ती, पुढे चिखल, चिखलापुढे पाणी. चिंतनाथ महाराज एका वर्षी या गावी आले आणि मिठागरावरच्या रिकाम्या कोठारात राहिले. कुठून आले हे त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. विचारलं की महाराज उत्तर न देता विचारणाऱ्याकडे नुसते बघत राहत, आणि असं बघून घेणं गावातल्या पुष्कळांना सोसणारं नव्हतं. महाराज खात कमी आणि बघत जास्त. अशा माणसाचा संशय येणारच!

तो संशय दुप्पट झाला तो जोमामुळे. जोमा गरीब, विधुर, बोलायला कच्चा. सकाळ-संध्याकाळ महाराजांच्या कोठारासमोरची जागा झाडायचा, आणि उरलेला वेळ आपल्या अंगणात होडी बांधायचा. आता कोळ्याने होडी बांधली तर त्यात नवल काय? पण कांदळपाड्यात होडी बांधायची ती बंदरावर, चारचौघांच्या डोळ्यांदेखत. पहिली फळी बसली की सगळ्यांना गूळ वाटायचा. जोमाने ना गूळ वाटला, ना कुणाला बोलावलं. अंगणाला माडाच्या पात्यांची झापं लावली आणि आत कामाला लागला.

होडी तरी कशी? बूड सपाट, फळ्या पांगाऱ्याच्या, पापडासारख्या पातळ. दोन माणसांनी उचलून चालू लागावं इतकी हलकी. फळ्या शेकून वाकवायच्या तर वर वजन हवं, म्हणून महाराज स्वतः येऊन फळीवर बसत. महाराजांच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, तरी फळी मुकाट्याने वाके! झापांच्या फटीतून बघणाऱ्यांनी हेही बघितलं आणि गावात सांगितलं, की आत भानामती चालली आहे.

अखेर गावचा पुढारी हिराजी नाखवा चार माणसं घेऊन अंगणात शिरला. हिराजीची होडी गावात सर्वांत मोठी, आणि नारळी पुनवेला दर्याला पहिला नारळ द्यायचा मानही त्याचाच. तो नारळ पाण्यात पडेपर्यंत कांदळपाड्यात कुणी होडी सोडायची नाही, ही बापजाद्यांची रीत. हिराजीने होडीच्या कडेला नखाने टकटक केलं आणि हसला.

“काय रं जोमा, होडी बांधतोस का सूप? पाखडायला बरी हाय.”

बरोबरची माणसं हसली.

“आणि हे तुझे महाराज! देव दर्यात ऱ्हातो, का फळीवर बसतो? खरं सांग, कुणाच्या जाळ्यावर जायचंय? वीतभर पाण्यात, जिथं आमच्या होड्या रुततात, तिथं तुला काय करायचंय?”

जोमा रंधा खाली ठेवून उभा राहिला. “नाखवा, गेल्या वर्षी माझी बायको, बायो, कालवं काढायला गेली नि चिखलात रुतली. मी वल्ह्यांचं लाकूड आणायला वर डोंगरात गेलो होतो. परत आलो तेव्हा तुमीच मना सांगितलंत, की पाणी उथळ होतं, होड्या जड, तिच्यापर्यंत जाता आलं नाय. म्हणून हलकी बांधतोय. पुन्हा कुणी रुतलं तर जाता यावं.”

 हसणाऱ्यांतल्या एकाला खोकला आला, एक झापाकडे बघू लागला.  हिराजीचा चेहरा लाल झाला. “ते मना शिकवू नको. गुपचूप बांधलेली होडी गावाला नको. पुनवेच्या आत मोडून चुलीत घाल. नायतर आमी येऊन मोडू.”

जोमाने महाराजांकडे बघितलं. त्या होडीखेरीज त्याच्याकडे बायोसाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

महाराज म्हणाले, “नाखवा, संशय आहे ना? मग लांबून कशाला? रोज येऊन जवळून बघत जा.”

हिराजी माणसं घेऊन निघून गेला. पण त्या दिवसापासून रस्त्याने जाताना तो जोमाच्या घराकडे मान वळवीनासा झाला. चोराच्या घराकडे लोक डोळे वटारून बघतात. मान फिरवून चालतात ते कुणाच्या घरावरून, हे बायकांनी ओळखलं असावं. पण विहिरीवरही त्याबद्दल कुणी बोललं नाही. बोलणं झालं ते जाळ्यांचं, भानामतीचं.

आषाढ सरत आला. एके दुपारी पावसाने उघडीप दिली तशा बायका ओहोटीला कालवं काढायला गेल्या. पावसाळ्यात घरात दुसरं असतं काय? भरती फिरली, बायका परतल्या, आणि काठावर आल्यावर कळलं की हिराजीची सून ठकू मागेच राहिली आहे. मांडीपर्यंत चिखलात रुतली होती. पाय ओढावा तितकी खाली जात होती. पाणी चारी बाजूंनी चढत होतं आणि तिच्या हाका काठापर्यंत स्वच्छ ऐकू येत होत्या.

सारा गाव धावला. होड्या वर चढवून शाकारलेल्या. एकेक खाली ओढायची म्हटली तरी निम्मा गाव लागणार. तेवढ्यात महाराज जोमाच्या अंगणात पोचले होते.

“जोमा, होडी उचल.”

“महाराज, फळ्यांमधे कापूस भरलेला नाय! राळ नाय, तेल नाय. फटींतून उजेड दिसतोय. काठावरच बुडेल.”

“फटींचं पाणी बघून घेईल. आपण ठकूला बघू.”

महाराजांनी एक टोक उचललं, जोमाने दुसरं. काठावर आले तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “अजून नारळ दिला नाय!” आणि सगळ्यांच्या माना हिराजीकडे वळल्या. हिराजी पाण्यातल्या सुनेकडे बघत होता. 

महाराज त्याच्यासमोर थांबले. “नाखवा, या वेळी काय सांगता?”

“या वेळी” हे शब्द ऐकून काठावरच्या कितीतरी जणांनी खाली बघितलं. हिराजी होता तिथेच खाली बसला. महाराज वाट बघत राहिले नाहीत. जोमाने बांबूने रेटा दिला आणि होडी पाण्यात गेली.

भाविकहो, पुढचं काठावरच्या सगळ्यांनी बघितलं! हाताचं बोट जाईल एवढ्या फटी, त्यांतून खालचं गढूळ पाणी लखलखताना दिसत होतं, पण आत थेंब आला नाही. परक्याच्या दारात उभा राहिलेला भला माणूस ‘या’ म्हटल्याखेरीज उंबरा ओलांडत नाही, तसं पाणी प्रत्येक फटीशी थांबून राहिलं होतं. महाराज मधल्या फळीवर डोळे मिटून बसले होते. वीतभर पाण्यावरून, नुसत्या ओल्या चिखलावरून होडी सरकत गेली. पाणी ठकूच्या गळ्याशी आलं होतं. जोमाने तिच्या काखेत हात घातले, महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ज्या चिखलाने बायोला सोडलं नव्हतं त्याने ठकूला सोडलं.

होडी काठाला लागली. ठकू उतरली, जोमा उतरला. शेवटी महाराजांनी पाय खाली ठेवला मात्र, सगळ्या फटींतून एकदम पाणी उसळलं आणि गुडघाभर पाण्यात ती होडी कडेपर्यंत भरून खाली बसली!

जयजयकार झाला. चांगुणा रडत होती, भानामती म्हणणारे हात जोडून उभे होते. हिराजी उठला, सुनेला एकदा डोळे भरून बघितलं आणि धावत येऊन महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. “महाराज, मी तुमची थट्टा केली. मना क्षमा करा.”

महाराजांनी पाय मागे घेतले. “थट्टेचं काय एवढं, नाखवा? माझं तुमच्याकडे काही अडलेलं नाही. ज्याचं अडलंय, तो तिथे उभा आहे.”

जोमा पाण्यातच उभा होता, भरलेल्या होडीच्या काठावर हात ठेवून. ठकू वाचली म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काय चाललं आहे ते त्याला कळत नव्हतं. हिराजी त्याच्याकडे चालत गेला. गर्दीतून त्याच्या भावाने त्याचा हात धरला. “दादा, नको. झालं गेलं...” हिराजीने हात सोडवून घेतला. एवढा मोठा नाखवा, सगळ्या गावादेखत जोमाच्या पायांशी पाण्यात वाकला.

“जोमा, त्या दिवशी पाणी पुष्कळ होतं रं. पुनव परवावर आलेली, माझी होडी तेल देऊन काठाला तयार होती. पोरं वल्ही घेऊन धावली, तर मीच आडवा झालो. नारळ दिला नाय, म्हटलं, होडी सोडायची नाय. बायो हाका मारत होती. आमी सगळे इथंच उभे होतो, नि ऐकत होतो.”