जीनगराचं खोगीर आणि गाढवाचं मत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका उंच गडावरचं टाकं आटलं. तेव्हा खालच्या नदीचं पाणी गाढवांच्या पाठीवरून वर न्यायचं ठरलं. पाणी पखालीत भरायचं, म्हणजे भल्यामोठ्या कातडी पिशवीत. आणि ती पाठीवर टिकायला खोगीर हवं. राजाने जीनगराला बोलावलं.

"आठ दिवसांत खोगीर पाहिजे," राजा म्हणाला. "गडावर लेकुरवाळ्या बाया आहेत, म्हातारीकोतारी आहेत. पाणी वर चढलं नाही, तर पखाल तुझ्याच पाठीवर बांधीन!"

जीनगर हाताचा कसबी, पण स्वभावाने भारी ताठ. त्याने दार लावून घेतलं. त्याच्याकडे आजोबांच्या वेळचं एक लाकडी गाढव होतं. प्रत्येक खोगीर तो त्याच्यावर चढवून बघायचा. ते कधी तक्रार करत नसे, म्हणून जीनगराला ते फार शहाणं वाटे.

सहा दिवस खपून त्याने खोगीर केलं. आणि काय ते खोगीर! लाल मखमल, पितळी फुल्या, कडेला रेशमी गोंडे. प्रधानजी म्हणाले, "वाहवा!" राजकवींनी तर उभ्या उभ्या चार ओळी रचल्या. आता या दोघांच्या पाठीवर जन्मात कधी पखाल बसली होती का, तुम्हीच सांगा!

सातव्या दिवशी सकाळी खोगीर खऱ्या गाढवावर चढलं. गाढव दहा पावलं चाललं, थांबलं, आणि त्याने असा काही हिसका दिला की खोगीर खड्ड्यात, पखाल फुटलेली आणि कौतुकाने बघायला आलेले प्रधानजी नखशिखांत ओले.

जीनगराच्या हातात उरला एकच दिवस. "मेल्या, सहा दिवस राबलो रे तुझ्यासाठी!" तो गाढवावर खेकसला.

"माझ्यासाठी?" गाढव म्हणालं. "मग मला एका शब्दाने विचारलंस? तुझ्या फुल्या आतून टोचतात. पाणी हिंदकळलं की सगळा डोलारा कलंडतो. तुझं ते लाकडी गाढव चालत नाही बाबा, मी चालतो!"

जीनगराला आधी राग आला, मग लाज वाटली. त्याने जुनं गोणपाट, पेंढा आणि सुतळी आणली आणि घटकाभरात एक ओबडधोबड खोगीर बांधलं.

"चल चार पावलं. कसं वाटतंय?"

"डावीकडे टोचतंय."

मूठभर पेंढा काढला. "आता?"

"चढावर मागे सरकतंय."

छातीवरून पट्टा घेतला. "आता?"

"आता माझा कान खाजव."

"त्याचा खोगिराशी काय संबंध?"

"काही नाही. खाजतोय म्हणून सांगितलं."

जीनगराने मुकाट्याने कान खाजवला. संध्याकाळपर्यंत खोगीर सात वेळा उसवलं, सात वेळा शिवलं.

आठव्या दिवशी पाणी गडावर पोचलं. थेंबही सांडला नाही. पोरं ओंजळी पसरून धावली, म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. खोगिराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जीनगराला मात्र आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता.

राजा पोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "शाबास! अशीच चाळीस कर. फक्त जरा दिसायला बरी कर."

"विचारून सांगतो, महाराज," जीनगर म्हणाला, आणि गाढवाकडे वळला.

तर मंडळी, एवढं ध्यानात धरा: वस्तू ज्याने वापरायची, त्याला ती कच्ची असतानाच विचारावं. चार बोल ऐकावे लागतात, पण तोंडघशी पडावं लागत नाही.