पाया पडण्याची रीत

“मग मी चुकलो कुठं, महाराज?”

डॉ. निरंजन होनरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. बोधपुरी महाराज मठाच्या ओट्यावर तूर निवडत होते.

निरंजन जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीचे प्रमुख. माणूस हुशार, आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊकही होतं! चौदा दिवसांपूर्वी त्यांची आई, सोनाक्का, गेली. टाचेची जखम चिघळून जंतूंचं विष अंगभर भिनलं. सेप्सिस म्हणतात त्याला. गावाहून आणली तोवर हाताबाहेर गेलं होतं.

“दोन वर्षं मी हेच मोजतोय,” निरंजन म्हणाले. “आमच्या इमर्जन्सीत येणाऱ्या दर सहा मोठ्या माणसांत एकाला सेप्सिस निघतो. कुणाला धोका जास्त, तेही तोंडपाठ आहे. उतारवय. साखर. अधू किडनी. अंगावर काढलेली जखम...”

“आणि सोनाक्का?”

“...आई अठ्ठ्याहत्तरची. साखर वीस वर्षांची.”

“जखम कधीची?”

“महिन्याची. साखरेनं पाय बधिर, म्हणून दुखलं नाही. तापही आला नाही. फडकं बांधून हिंडत होती. पण मला कुणी सांगायला नको?”

महाराजांनी सूप बाजूला सारलं.

“महिन्याभरात गावी गेला होतास?”

“दर रविवारी जातो. आईच्या पाया पडल्याशिवाय कधी निघालो नाही. अख्ख्या गावाला विचारा.”

“कसा पडायचास?”

“म्हणजे?”

“पडून दाखव.”

आता म्हाताऱ्या माणसापुढं काय बोलणार! निरंजन वाकले. महाराजांच्या पावलांना बोटं लावली, ती कपाळाला लावली. झालं.

महाराजांनी पाय उचलला आणि तळवा त्यांच्यासमोर धरला.

काळा, भेगाळलेला तळवा. टाचेच्या एका भेगेत रक्त सुकलेलं.

निरंजन बघतच राहिले. आईचा तळवा कसा होता, काही केल्या आठवेना. आठवला तो शेवटचा रविवार. ‘पुरे, पुरे, उशीर होईल तुला,’ म्हणत तिनं पाय लुगड्यात ओढून घेतला होता. गाडी दारात उभी होती. त्यांना बरंच वाटलं होतं.

“आई गं...”

एवढा मोठा डॉक्टर, ओट्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला. महाराजांनी रडू दिलं. पुष्कळ वेळ...

“मोजणं सोडून देऊ का, महाराज?” शेवटी निरंजननी विचारलं.

महाराजांनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. ओसरीवर गावातल्या सहा-सात म्हाताऱ्या प्रसादाला येऊन टेकल्या होत्या.

“पंगतीआधी त्यांचे पाय धुवायचे असतात,” महाराज म्हणाले. “जा... आणि कुणी पाय मागं घेतला, तर सोडू नको.”