उताराचा पगार

डोंगर फोडून खडी विकणाऱ्या एका गावात बिरू नावाचा डंपर-चालक राहत होता. अकरा वर्षे तो एकाच मालकाकडे होता. पगार महिन्याला अठरा हजार, गाडी उभी राहिली तरी चुकत नसे. हात असा बसलेला की भरली गाडी उतरवताना शेजारच्याच्या कपातला चहा हिंदकळू नये.

त्या वर्षी डोंगराच्या माथ्यावर बाबूशेठांची नवी खाण सुरू झाली. खेपेला शंभर रुपये, दिवसाला बारा खेपा, महिन्याचे सव्वीस दिवस. बिरूने बोटांवर हिशेब केला. एकतीस हजार दोनशे! त्याने पुन्हा केला, तेवढेच आले. अकरा उन्हाळे पत्र्याखाली भाजून निघालेली त्याची बायको इंदू म्हणाली, "दोन वर्षांत स्लॅब पडेल की हो घरावर!" त्या रात्री बिरूला स्लॅबचीच स्वप्ने पडली.

घाटाच्या पायथ्याशी मौलाचाचांचे चहाचे दुकान होते. चाचांनी तीस वर्षे गाडी हाकली होती. ते एवढेच म्हणाले, "आकडा विचारलास. उतार विचारलास का?"

म्हाताऱ्यांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत! बिरूने एका दिवसाची रजा टाकली आणि बाबूशेठांकडे चाचणीला गेला.

त्याने आधी उतार बघितला. एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि शेवटी कोपरासारखे वळण. बिरूने खालचा गिअर टाकला आणि गाडी मुंगीच्या पावलाने उतरवली. मागचे डंपर भोंगे वाजवत त्याला ओलांडून गेले. दुपार झाली तेव्हा त्याच्या खेपा तीन आणि इतरांच्या सहा.

"काय बिरूभाऊ," मुकादम हसला, "नवरदेव बसवलाय का गाडीत? हे सगळे न्यूट्रलमध्ये सोडतात. डिझेल वाचतं, वेळही वाचतो."

न्यूट्रल म्हणजे इंजिनाची पकड सोडायची आणि भरली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरू द्यायची. अकरा वर्षांत बिरूने हे पाप केले नव्हते. पण एकतीस हजार दोनशे कानात वाजत होते. चौथ्या खेपेला त्याने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. काही झाले नाही. पाचव्या खेपेलाही काही झाले नाही. आणि काही होत नाही, हीच अशा वेळी सगळ्यात वाईट गोष्ट असते.

सहाव्या खेपेला अर्ध्या उतारावर जळका वास आला. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. त्याने गिअर टाकून पाहिला. खालून नुसती करकर झाली, गिअर पडेना. त्या दिवशी बाजार होता आणि वळणावरून बायका पाट्या घेऊन घरी निघाल्या होत्या. बिरूने भोंग्यावर हात दाबून धरला. बायका ओरडत बाजूला पळाल्या. एक म्हातारी मात्र डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध गोठून उभी राहिली.

पन्नास हात उरले. तीस उरले. बिरूने डोळे मिटले नाहीत. त्याने गाडी कड्याला घासली. आरसा उडाला, पत्रा फाटला, ठिणग्या पडल्या. शेवटी डंपर रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात नाक खुपसून थांबला. म्हातारी चार हातांवर होती.

"लेकरा," ती म्हणाली, "ब्रेक नव्हता व्हय गाडीला?"

"होता, आजी," बिरू म्हणाला. "मीच जाळला." आणि तो तिथेच मुरमावर बसून रडला.

बाबूशेठ धावत आले. त्यांनी आधी गाडीला प्रदक्षिणा घातली. "आरसा आणि पत्रा तुझ्या खेपांतून कापीन. पण हात झकास आहे तुझा! उद्यापासून ये."

बिरूने डोळे पुसले. "शेठ, गिअरमध्ये उतरवली तर दिवसाला खेपा किती होतात?"

"सात. सातावर भागतं का कुणाचं?"

"साताचे होतात अठरा हजार दोनशे. पावसाळ्यात खाण बंद, तेव्हा काय?"

"खेप नाही तर पैसा नाही."

"मग शेठ, तुमचा पगार माझ्या जुन्या पगाराहून कमीच आहे. वरचे तेरा हजार तुम्ही देतच नाही. ते या आजीच्या जिवातनं आणि माझ्या जिवातनं काढायचे आहेत." असे म्हणून त्याने किल्ली मुकादमाच्या हातात ठेवली.

घरी येऊन त्याने इंदूला सगळे सांगितले. तिने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. मग वर पाहत म्हणाली, "पत्रा तापतो खरा. पण त्याच्याखाली तुम्ही आहात."

तात्पर्य: पगाराचा आकडा मोठा दिसला तर तो कशाच्या मोबदल्यात मिळतो हे आधी पाहावे, जिवाची जोखीम विकून येणारा पैसा मिळकत नव्हे.