प्रभाकरकाकांची बासुंदी

ऐका ना, रविवारी आमच्या घरी काय धमाल झाली! बाबांचे आतेभाऊ प्रभाकरकाका सोलापूरहून सहकुटुंब आले होते. सकाळपासून त्यांनी आमच्या रेवतीवहिनीला नुसतं पळवलं. आधी केळीची पानं, मग विडे, मग बासुंदी. तीही पार नदीपलीकडच्या डेअरीतलीच हवी!

वहिनीनं विचारलं, "काका, कोपऱ्यावरची चालेल का? मस्त असते."

काका कडाडले, "मी एकदा बोललो की बोललो! मला परत विचारायचं नाही."

बिचारी भर उन्हात स्कूटरवरून जाऊन आली. मागच्या खेपेला काकांनी इतकी बासुंदी हाणली होती की तिच्या वाट्याला फक्त पातेलं आलं, तेही घासायला.

पंगत बसली. काकांनी वाट्यांवर वाट्या रिचवल्या. वहिनी पुन्हा वाढायला आली, तसा त्यांनी वाटीवर हात धरला. बोटं मात्र अशी फाकवलेली की मधून अख्खी पळी आत जावी! "नको, नको! आता थेंबभरही नको!"

"बरं," म्हणून वहिनी सरळ पुढे गेली.

काकांचा हात वाटीवरच. "अगं सूनबाई, पाहुण्याला जरा आग्रह करायची पद्धत असते!"

"असते ना काका. पण तुम्ही एकदा बोललात की बोललात. परत कसं विचारू?"

काकू पदराआड खुदखुदल्या. वहिनीनं उरलेली बासुंदी स्वतःच्या वाटीत ओतली आणि समोरच बसून चवीनं खाल्ली.

मग ती विड्यांचं तबक घेऊन आली. तिनं तोंड उघडायच्या आत काका ओरडले, "हो! हो! घेणार!"